बाबूभाईची बोडी आणि सिरोंच्याची बाई

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यात आलापल्लीत एक गोष्ट कानाकानांतून फिरली. बाबूभाई पलंगवाल्यानं बोडीवर बाई ठेवली म्हणे. बाई सिरोंच्याकडची, तेलुगू बोलणारी, अंगानं भरलेली, लाल लुगड्यातली. लुगड्याचा रंगसुद्धा लोकांना ठाऊक होता, यावरून बातमी किती पक्की ते समजा. बाई डोळ्यांनी पाहणारेही बरेच निघाले. त्यांतल्या एकाला मी विचारलं, बाबा, कुठून पाहिलीस? तर म्हणाला, पाहिली नाही, पण पाहिल्यासारखीच.

बाईकडे येऊच आपण, घाई नको. आधी बोडी समजून घ्या. आमच्याकडं एखाद्यानं आपल्याच शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून धानापुरतं पाणी अडवलं की ती बोडी. तलाव गावाचा असतो, बोडी मालकाची. ही बोडी आलापल्लीहून सायकलीनं घटकाभराच्या वाटेवर, आणि तिच्या पाळीच्या अगदी पायथ्याशी मासे धरणाऱ्या ढिवरांची टोली. थोडीच घरं, पण माणसांनी भरलेली. पाळ राहिली तर घरं राहणार, पाळ गेली तर सगळ्यांत आधी ती घरं जाणार. एवढं ध्यानात ठेवा, बाई कुठं पळून जात नाही.

आता मालक. बाबूभाईचं दुकान बसस्टँडच्या मागं. बाप सुतार, आजा सुतार, आणि बाबूभाई स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचा. पलंगात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उशाच्या फळीवर तो दोन मोर कोरायचा. ते कोंबड्यांसारखे दिसायचे, पण नव्या नवरानवरीचं लक्ष मोराकडं थोडंच असतं. गिऱ्हाईक आलं की बाबूभाई चपला काढायचा, पलंगावर चढायचा आणि उडी मारायचा. माणूस चांगला वजनदार. पलंग हूं की चूं करत नसे. मग वरूनच म्हणायचा, "हत्ती नाचवा याच्यावर." गिऱ्हाईकाला हत्ती नाचवायचा नसायचा, पण त्याच्या मनाचं समाधान व्हायचं. चामोर्शी, एटापल्ली, अहेरी, कुठल्याही घरी जा, बाबूभाईच्या उड्या खाल्लेला एक तरी पलंग निघेल.

हा सुखी माणूस एकदा सासरवाडीच्या लग्नाला नागपूरला गेला आणि तिथल्या तलावात पायडलच्या बोटीत बसला. झालं. परत आला तो डोक्यात पाणी घेऊनच. उठता बसता बोटिंग. खुर्शीदा, म्हणजे त्याची बायको, हिचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तोंड त्याहून मोठं होतं. ती म्हणाली, "इथी लोकाले नदी पार कराले डोंगा भेटत नाई, अन् यांना मजेसाठी बोट पायजे." पण बाबूभाईनं ऐकलं नाही. मुखरू नावाचा एक शेतकरी आपली धानाची बांधी आणि बोडी विकून टाकायच्या विचारात होता. बाबूभाईनं ती घेतली. मुखरूला आयुष्यभर कळलं नाही की धान न लावणाऱ्यानं बोडी घेतली कशाला, आणि न कळलेली गोष्ट गावभर सांगत फिरायची त्याला खोडच होती.

बोट बाबूभाईनं दुकानात स्वतः बनवली. पलंग करणाऱ्यानं बोट केली तर जशी होईल तशीच ती झाली. अस्सल सागवान. उशाला मोर, पायथ्याला वेल, चारही कोपऱ्यांवर लट्टू. मच्छरदाणीच्या दांड्यांना भोकं तेवढी ठेवली नव्हती. बैलगाडीवर घालून ती बोडीवर नेली, चार मोठी माणसं बसवली, आणि नारळ फोडून पाण्यात लोटली. बोट दोन हात पुढं गेली आणि खाली टेकली. बोडीत पाणी मांडीएवढं. पाहुणे चिखलात रुतलेल्या पलंगावर मांडी घालून बसले होते, जणू जेवणाची वाट बघताहेत.

दुसरं कोणी असतं तर त्यानं बोट हलकी केली असती. बाबूभाईनं पाणी वाढवायचं ठरवलं.

उन्हाळ्यात त्यानं ट्रॅक्टर लावून पाळ चढवली. पुरुषभर होती ती दीड पुरुष झाली. जास्तीचं पाणी निघून जायचा सांडवा होता तोही उंच केला, आणि पाणी वाया जाते म्हणून दोन्ही बाजूंनी सागवानाच्या फळ्या ठोकून अरुंद केला. पाळ उघडी दिसते म्हणून तिच्यावर सागाची रोपं लावली. या माणसाला सागवानाशिवाय काही सुचतच नसे. त्या पावसाळ्यात बोडी भरली, बोट तरंगली आणि बाबूभाई आभाळाला टेकला. दर रविवारी बोटिंग. डेपोतले बाबू, शाळेतले मास्तर, त्यांच्या बायका, पोरं, चिवडा, कांदाभजी. कोणाकडून काही घ्यायचं नाही, फक्त त्यांनी वाहवा म्हणायचं. वाहवा थोडी कमी पडली की बाबूभाई पाळीच्या मधोमध जायचा, चपला काढायचा आणि उडी मारायचा. "हत्ती नाचवा."

खालच्या टोलीत गोकुळा राहायची. ढिवराची बाई, काटक, सरळ बोलणारी. नवरा इसरू मासे खाण्यात पटाईत, पकडायचं काम गोकुळाचं. बाबूभाईनं बोडीत रोहू आणि कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली आणि मासे गोकुळाला अर्धेलीनं दिले. आता पावसात बोडी भरून वाहिली की मासे सांडव्यातून निघून जातात, हे आमच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून ढिवर लोक सांडव्यात बांबूची ताटी बसवतात. पाणी जाते, मासा राहते. गोकुळानं तशी ताटी विणली, चांगली घट्ट. बाबूभाई खूष झाला. ताटीला दोन्ही बाजूंनी सागवानाची चौकट त्यानं आपल्या हातानं करून दिली.

गुणवंतराव नावाचे एक रिटायर ओव्हरसियर होते. जन्मभर कालवे आणि पाळी पाहिलेला माणूस. फुकटच्या माशाचा वास त्यांना आलापल्लीत बसून यायचा. एका रविवारी ते आले, रोहूचे तुकडे ताटात घेतले आणि बाबूभाईची उडी पाहिली. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाले, "बाबूभाई, पलंग वरून मोडते. पाळ आतून मोडते. तू किती उड्या मारशील? तिले काय समजते?"

"साहेब, तुम्ही बांधलेल्या पाळीवर मी उडी मारत नाई," बाबूभाई म्हणाला. "भेव वाटते मले."

लोक हसले. गुणवंतरावांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"हास. हे सागाचे झाड मोठे होतीन तं त्याच्या मुळ्या पाळीत घुसतीन. घुशी अन् खेकडे आताच घुसले आहेत, मागून जाऊन पाय. पण ते राहू दे. सांडव्यातली ताटी काढ. पाला अडकला का सांडव्याचं तोंड बंद. तोंड बंद झालं का पाणी पाळीवरून जाते. अन् मातीवरून पाणी गेलं का खालचे घरं मोजाले मले बोलावू नको."

एवढं बोलून त्यांनी आणखी एक तुकडा मागितला. तिथंच घात झाला. तोंडात रोहू असलेल्या माणसाचा इशारा कोणी मनावर घेत नाही. गोकुळा वाढत होती, तिला वाटलं म्हाताऱ्याला मीठ कमी लागलं. बाबूभाई सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि जाता जाता पुन्हा एक उडी मारून दाखवली. पण त्या दिवशी तो पाळीच्या मागच्या बाजूनं खाली उतरला. नेहमी सरळ वाटेनं जाणारा माणूस. हे मी पाहिलं होतं, पण तेव्हा मीही भज्याकडंच बघत होतो.

मग आला तो दोन हजार एकचा पावसाळा. श्रावणात असा लागून राहिला की पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं, भामरागडचा रस्ता बंद. तिकडं जायच्या बसा, ट्रका, मास्तर, नर्सा, लग्न ठरवायला निघालेले, सगळे आलापल्लीत अडकून. काम नाही, धंदा नाही, पानाच्या टपरीवर माणसांची गर्दी. अशा वेळी गावाला एखादी बाई लागते. ती नसली तर गाव बनवते.

ही बनवायलाही लागली नाही. बाबूभाई रोज दिवस कलला की छत्री घेऊन सायकलीवर निघायचा. एवढ्या पावसात बोटिंगला कोणी येत नाही, मग हा जाते कुठी? अंधार पडता पडता परत यायचा तो ओलाचिंब, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, दम लागलेला आणि चेहऱ्यावर असं समाधान की विचारू नका. त्यात मुखरूनं बोडीवरच्या बोराटीवर लाल लुगडं वाळत टाकलेलं पाहिलं. मुखरू ते घेऊन, म्हणजे लुगडं नाही, बातमी घेऊन, टपरीवर आला. तिथं सिरोंच्याचं नाव आधीच कोणाच्या तरी तोंडून निघालं होतं. लुगडं आणि सिरोंचा यांची गाठ बांधायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बाईला तेलुगू यायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिला दिवस गेले.

इकडं गोकुळाचा वेगळाच वैताग. रोज सकाळी ती पाळीवर जायची तर ताटी सांडव्यातून उपटून बाजूला पडलेली. ती बसवायची, वेलीनं बांधायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाजूला. मासे कमी होत चालले. तिनं इसरूला सांगितलं की पाणमांजर आलं आहे. इसरू म्हणाला, गाठ सोडते म्हणजे शाळा शिकलेलं पाणमांजर असंल. तिनं बाबूभाईला विचारलं, तर तोही म्हणाला पाणमांजरच असंल, आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेला. गोकुळानं मनात हिशेब केला. आपले मासे जातात ते जातात, पण बाबूभाऊचा जीव त्या माशांत आहे, त्यानं विश्वासानं दिलेली चीज आपण राखली नाही असं होईल. म्हणून तिनं वेल सोडून दिली आणि एका सकाळी ताटी तारेनं आवळून बांधली. पीळ देऊन देऊन.

त्याच दिवशी बातमी खुर्शीदाच्या दुकानात पोचली. एक बाई बांगड्या भरता भरता म्हणाली, भाभी, मनाले लावून घेऊ नका. खुर्शीदानं तिच्या हातात पुढची बांगडी अशी चढवली की बाईनं आई म्हटलं. मग लुगड्याचा रंग विचारला. लाल, जरीचा काठ, बारीक. खुर्शीदा घरी गेली, पेटी उघडली. तिचं स्वतःचं लाल लुगडं पेटीत नव्हतं. बाई ठेवली हे एक वेळ तिनं पचवलं असतं, पण आपल्या पेटीतलं लुगडं तिला नेसवलं, हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना. माहेरी बल्लारपूरला जायची पिशवी तिनं भरून दाराशी ठेवली आणि जायच्या आधी एकदा त्या दोघांना पाहून घ्यावं म्हणून ऑटो करून निघाली.

ऑटो टोलीपर्यंतच गेला. पुढं चिखल. खुर्शीदा गोकुळाच्या अंगणात उतरली. तिथं उभं राहून तिनं पहिल्यांदा ती पाळ खालून पाहिली. आजवर तिनं ती वरून पाहिली होती, बोटीत बसून, भजी खात. खालून ती घराच्या छपरापेक्षा उंच होती, आणि तिच्या अंगातून एके ठिकाणी गढूळ पाणी बारीक झिरपत गोकुळाच्या चुलीमागं येत होतं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"आजच सुरू झालं, भाभी," गोकुळा म्हणाली. "म्या राख टाकून पायली, थांबत नाई."

"अन् ते कुठी आहे?"

"कोण?"

"सिरोंच्याची."

गोकुळानं तेही ऐकलंच होतं. तिनं नुसतं वर बोट दाखवलं. दोघी पाळ चढायला लागल्या. खुर्शीदा पुढं, हातात छत्री मिटून धरलेली, मारायला सोयीची पडावी अशी.

वर काय होतं म्हणता? पाणी पाळीच्या काठाला आलं होतं. वीतभर पाळ तेवढी वर राहिली होती. सांडव्यावर सागाचा पाला येऊन असा दाटला होता की ताटीची भिंत झाली होती, आणि त्या भिंतीपाशी छातीभर पाण्यात, बनियनवर, आमचा बाबूभाई उभा. ताटीच्या चौकटीला त्यानं लाल लुगडं बांधलं होतं, त्याचा पीळ करून खांद्यावरून घेतला होता आणि बैलासारखा ओढत होता. ताटी हलत नव्हती. तारेनं बांधलेली.

खुर्शीदानं आजूबाजूला पाहिलं. झोपडी नाही, बाई नाही.

"कुठी आहे ते?" ती ओरडली.

"आधी इकडून ओढ," बाबूभाई म्हणाला.

"मी विचारून राह्यली, ते बाई कुठी आहे?"

"खुर्शीदा, पाळ चालली. पाळ. ओढ."

गोकुळाला तो सांगायच्या आधीच समजलं होतं. ती सरळ पाण्यात उतरली, दातांनी आणि हातांनी तारेचा पीळ सोडवायला लागली. सोडवताना बाबूभाईला म्हणाली, "भाऊ, रोज तुम्हीच काढत होते का? सांगाले का झालं होतं? म्या तुमच्या माशासाठी बांधत होती."

"तुले माशाचं वाईट वाटंल म्हणून म्या सांगत नव्हतो," बाबूभाई म्हणाला. ते अर्धंच खरं होतं, पण त्या वेळी कोणाला पूर्ण खऱ्याची गरज नव्हती.

तार सुटली. खुर्शीदानं छत्री फेकली, लुगड्याचं टोक हाताला गुंडाळलं आणि नवऱ्याच्या मागं उभी राहून ओढलं. तिचंच लुगडं, त्यामुळे राग आणि जोर दोन्ही होते. चौकटीसकट ताटी उखडली, तिघंही चिखलात बसले, आणि पाला, पाणी, रोहू, कतला, सगळं एकदम सांडव्यातून नाल्याला लागलं. बाबूभाईनं ठोकलेल्या सागवानाच्या फळ्यासुद्धा गेल्या, ते बरंच झालं, सांडवा रुंद झाला. अंधार व्हायच्या आत पाणी हातभर खाली आलं. चुलीमागचं झिरपणं आधी बारीक झालं, मग थांबलं. टोलीतल्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की धानाच्या बांध्यांतून रोहू पळताहेत. इसरूनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मासे पकडले. पुढं कित्येक दिवस त्या टोलीत कोणी डाळ शिजवली नाही.

खुर्शीदा पाळीवर चिखलात बसूनच होती. तिनं विचारलं, "फैजचे अब्बा, एवढी भीती वाटत होती तं लोकाले काऊन नाई सांगितलं?"

बाबूभाई बनियन पिळत म्हणाला, "सगळ्या गावापुढं उड्या मारल्या. आता कसं सांगू?"

ती बाई हुशार. क्षणभर विचार करून म्हणाली, "सांगूच नका. बोडीवर बाई आहे म्हणून कोणी पलंग घ्यायचं थांबत नाई. पाळ कच्ची निघाली हे समजलं तं तुमचा पलंगही कोणी घेणार नाई." मग गोकुळाकडं वळून म्हणाली, "पण खालच्या घरायले तू आजच सांग. त्यायले पलंग विकायचा नाई आपल्याले." गोकुळानं त्याच संध्याकाळी घरोघरी सांगितलं, आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत टोली वरच्या अंगाच्या शाळेत झोपली. माहेरची पिशवी खुर्शीदानं घरी जाऊन रिकामी केली.

पुढच्या उन्हाळ्यात बाबूभाईनं पाळ छाटून मुखरूच्या वेळी होती तेवढी केली. सागाची रोपं उपटली, घुशींची बिळं खोदून मातीनं ठोकून भरली, सांडवा दुप्पट रुंद केला. गुणवंतराव छत्री घेऊन उभे राहिले, शेवटपर्यंत, आणि रोज दुपारी जेवूनच गेले. गोकुळानं मासे ठेवले, ताटी ठेवली नाही. पावसात जे जाईल ते नाल्याचं. गावानं विचारलं, बाबूभाई, एवढी मोठी बोडी लहान काऊन करून राह्यले? बाबूभाई काही बोलायच्या आत खुर्शीदा दुकानातून म्हणायची, "सिरोंच्याची गेली. आता बोटिंग कोणासाठी?" हे ती इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायची की लोकांना तिचीच दया यायची. दोन बायका तर तिच्यासाठी रडल्या आणि रडता रडता बांगड्या भरून गेल्या.

बोटीला पुन्हा पाणी पुरेना. ती दुकानात आणून बाबूभाईनं तिला चार पाय लावले, वर चढून एक उडी मारली आणि एका नव्या नवऱ्याला विकली. एटापल्लीकडच्या त्या घरी तो पलंग अजून आहे. उशाला मोरांच्या मधे लोखंडी कडी आहे. ती कशासाठी, हे त्या जोडप्याला अजून समजलेलं नाही, आणि त्यांचा संसार चांगला चालला आहे, म्हणून मीही सांगितलं नाही. पलंगांवर बाबूभाई पुढंही उड्या मारत राहिला. पाळीवर मात्र त्यानं कधी मारली नाही. पाळीवर गेला की पाय हळू ठेवायचा, जणू खाली कोणी झोपलं आहे.

बाईची ती बातमी मुखरूनं उठवली असं सगळं गाव धरून चालतं, आणि खुर्शीदा मुखरूला अजून दुकानाच्या पायरीवर उभा करत नाही. ती मुखरूनं उठवली नव्हती. टपरीवर कोणीतरी विचारलं की रोज संध्याकाळी बोडीवर काय काम असते, तेव्हा बाबूभाईनंच डोळा मारून सांगितलं की सिरोंच्याची एक बाई आहे. बाई कोणी नव्हती. त्याला पाळ फुटायची भीती वाटत होती, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.